इंजिन तापले? आधी पाण्याचा दाब विचारा!

भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसकडे जाणारी लाँच असो, ससून डॉकला मासळी उतरविणारा ट्रॉलर असो, की हर्णै-मिरकरवाड्याची मासेमारीची बोट असो; तिच्या पोटात धडधडणाऱ्या डिझेल इंजिनाकडे किनाऱ्यावरच्या माणसाचे लक्ष सहसा जात नाही. बंदरात इंजिन बंद पडले तर मिस्त्रीला हाक मारता येते. पण किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत, वारा वाढलेला असताना तेच इंजिन तापून बंद पडले तर बोटीवरील सात-आठ माणसांचे जीव वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या हवाली होतात. यांतले कितीतरी खलाशी रायगड-रत्नागिरीच्या आतल्या गावांतले, तर कितीतरी कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि थेट नेपाळहून पोटासाठी आलेले असतात. अनेक बोटींवर डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेत खलाशांचा वाटा ठरतो. फेरी वाया गेली म्हणजे वाटाही गेला. म्हणून इंजिनाच्या पाण्याचा प्रश्न हा निव्वळ यंत्राचा प्रश्न नाही. तो चुलीचाही प्रश्न आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी आहे. मोटार गॅरेजात हात बसलेला तरुण बंदरावर कामाला लागला की त्याची पहिली परीक्षा घेतो तो तापलेल्या इंजिनाचा प्रश्न. धक्क्यावर याचे ठरलेले उत्तर असते, "पंप बदला." पंप बदलला, तरी दोन दिवसांनी इंजिन पुन्हा तापते. मग थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग हेड उघडतात. मालकाचे हजारो रुपये जातात, आणि शेवटी सापडते काय, तर गाळणीत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी! मिस्त्रीच्या हातात कसब नसते असे नव्हे. चूक होते ती क्रमात. आधी तपास आणि मग पाना, हा क्रम उलटा झाला की रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे जाते. हा तपास कसा करावा, पाण्याचा दाब त्यात कोणती साक्ष देतो, हे आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

दोन पाणी, दोन वाटा

डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचेच काम पंखा फिरविण्यासाठी मिळते. ढोबळमानाने तेवढीच उष्णता धुरावाटे जाते, आणि उरलेल्यापैकी बहुतेक थंड पाण्याने वाहून न्यावी लागते. मोटारीत हे काम रेडिएटर आणि वारा करतात. बोटीत वाऱ्याची जागा समुद्राने घेतलेली असते.

आजच्या बहुतेक मोठ्या बोटींच्या इंजिनात पाण्याच्या दोन वेगवेगळ्या वाटा असतात. पहिली वाट गोड्या पाण्याची. हे पाणी इंजिनाच्या आतच गोल गोल फिरते. बाहेर जात नाही. दुसरी वाट खाऱ्या पाण्याची. बोटीच्या तळाच्या भोकातून समुद्राचे पाणी आत येते. तेथे ते बंद करण्याचा कॉक असतो. त्यापुढे गाळणी, गाळणीपुढे रबरी पात्यांचा पंप, आणि पंपापुढे हीट एक्सचेंजर. एक्सचेंजरमध्ये बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून खारे पाणी आणि बाहेरून गोडे पाणी जाते. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत, पण उष्णता देतात-घेतात. मग खारे पाणी पुन्हा समुद्रात जाते. काही बोटींत ते जाता जाता धुराच्या नळीतही सोडलेले असते, म्हणजे धूर आणि रबरी नळी दोन्ही थंड राहतात.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. अशी दोन पाण्यांची रचना सर्वच बोटींत नसते. काही लहान इंजिनांत समुद्राचे पाणी थेट इंजिनातच फिरविले जाते. खारे पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे तापू लागले की त्यातील क्षारांचे थर आतल्या भिंतींवर झपाट्याने बसू लागतात. म्हणून अशी इंजिने थोडी थंडच चालवितात. गोड्या पाण्याचे इंजिन मात्र ८० ते ९० अंशांवर आरामात चालते. दोन्हींना एकच माप लावणे चुकीचे.

दाब म्हणजे काय, आणि काय नव्हे

अंगणातल्या नळाला रबरी पाइप लावून झाडांना पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा. पाणी जोरात उडते, अंगठ्याला रेटा जाणवतो, पाइप फुगतो. दाब वाढला. परंतु बादली लावून मोजाल तर पाणी आधीपेक्षा कमीच पडते! आता अंगठा काढा आणि नळच अर्धा बंद करा. पाणी पुन्हा कमी पडेल, पण या वेळी पाइप लुळा पडेल. दाबही कमी झाला.

म्हणजे पाणी कमी येण्याची कारणे दोन. अडथळा पुढे असेल तर दाब वाढतो. अडथळा मागे असेल, किंवा पाणी ढकलणारी ताकदच कमी पडली असेल, तर दाब घटतो. वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी या लेखाचे अर्धे काम झाले. तापमानाचा काटा इंजिन आजारी आहे एवढेच सांगतो. आजार कोठे आहे ते दाबाचा काटा सांगतो. शिवाय तापमानाचा काटा उशिरा बोलतो. पाणी तुटले तरी इंजिनातले लोखंड आणि गोडे पाणी तापायला वेळ लागतो. दाब मात्र त्याच क्षणी पडतो.

अनेक बोटींवर तेलाच्या दाबाचा काटा असतो, पण खाऱ्या पाण्याच्या दाबाचा नसतो. दोहोंची गल्लत करू नये. पाण्याचा दाब पाहायचा तर पंप आणि एक्सचेंजर यांच्यामधल्या नळीवर टी-जोड बसवून त्यावर साधा गेज लावावा. खाऱ्या पाण्याच्या वाटेतला दाब पुष्कळदा एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेरच असतो. म्हणून दहा-पंधरा किलोचा गेज लावून उपयोग नाही. त्यावर काटा हललेलाही दिसणार नाही. दोन-तीन किलोपर्यंतचा गेज घ्यावा.

चांगल्या दिवसाची नोंद

माणसाला ताप आहे हे आपण कशावरून ठरवितो? निरोगी माणसाच्या अंगाची ऊब किती ते आपल्याला ठाऊक असते म्हणून. इंजिनाचेही तसेच आहे. "किती दाब असायला हवा?" असे तरुण मिस्त्री विचारतात, तेव्हा सर्व इंजिनांना लागू पडेल असे एकच उत्तर नसते. पंपाचा आकार, नळ्यांची लांबी, इंजिनाचे फेरे, गेज बसविल्याची जागा, सगळ्यांवर ते अवलंबून असते. कंपनीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. नसेल तर आपला आकडा आपणच तयार करावा.

गाळणी साफ आहे, पंपाची पाती नवी आहेत, इंजिन नीट चालते आहे, अशा दिवशी वहीत तीन आकडे लिहून ठेवावेत: इंजिनाचे फेरे, पाण्याचा दाब आणि तापमान. मंद गतीचे, मध्यम गतीचे आणि भरधाव गतीचे, असे तीन वेळा. दहा मिनिटांचे काम आणि दहा रुपयांची वही! पण पुढे इंजिन तापले की हीच वही साक्षीदार म्हणून उभी राहते. नोंद नसेल तर तांडेलाला विचारावे, "काका, चांगलं चालत होतं तेव्हा काटा कुठं असायचा?" रोज त्या काट्यासमोर उभा राहणारा माणूस पुष्कळ काही सांगू शकतो. त्याचे न ऐकताच बोल्ट सोडविणारा मिस्त्री स्वतःचे काम वाढवून ठेवतो.

दाबाबरोबर प्रत्यक्ष पाणीही मोजावे. साधारण २० अश्वशक्तीच्या, म्हणजे १५ किलोवॉटच्या इंजिनाला तेवढीच, १५ किलोवॉट उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकायची आहे असे धरू. समुद्राचे पाणी १२ अंशांनी तापून बाहेर पडावे असे म्हटले तर मिनिटाला सुमारे १८ लिटर पाणी लागते. म्हणजे १५ लिटरची बादली पन्नास सेकंदांत भरली पाहिजे. हा हिशेब पूर्ण जोराचा आहे. रबरी पात्यांचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रमाणात पाणी देतो. फेरे निम्मे केले की पाणीही जवळपास निम्मे होते. बादली आणि मनगटावरचे घड्याळ एवढ्या साधनांवर ही परीक्षा होते.

चार खुणा

इंजिन तापले आहे असे धरून आता काट्याकडे पाहू.

पहिली खूण: दाब कमी, तापमान जास्त. पाणी गेजपर्यंत पुरेसे पोहोचतच नाही. दोष गेजच्या मागे शोधावा: तळाचे भोक, कॉक, गाळणी, खेचणारी नळी, पंप, पंपाचा पट्टा. मात्र त्याआधी बोटीच्या तळाशी पाणी साचले आहे काय ते पाहावे. गेजच्या पुढची नळी फुटली किंवा क्लिप निसटली तरी दाब पडतो, आणि तेव्हा ते पाणी बोटीतच भरत असते.

दुसरी खूण: दाब जास्त, तापमानही जास्त. पंप आपले काम करतो आहे, पण पुढे वाट अडली आहे. एक्सचेंजरच्या नळ्या, तेल थंड करणारा कूलर, किंवा धुराच्या नळीचा कोपर यांपैकी काहीतरी क्षाराने, काजळीने वा कचऱ्याने बुजले आहे. येथे पंप बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

तिसरी खूण: दाब नेहमीइतका, तरी तापमान जास्त. खाऱ्या पाण्याची वाट बहुधा ठीक आहे. दोष गोड्या पाण्याच्या बाजूला असू शकतो: पाणी कमी असणे, थर्मोस्टॅट अडकणे, आतला पंप किंवा त्याचा पट्टा ढिला पडणे, इंजिनाच्या आत गंज साचणे. किंवा दोष पाण्याचा नसून बोजाचाच असू शकतो. पंख्यात दोरी किंवा जाळे गुंतले, तळाला शेवाळ-शिंपले माजले, तर इंजिन जास्त जोर करते आणि जास्त तापते.

चौथी खूण: काटा थरथरतो, वर-खाली नाचतो. पाण्याबरोबर हवा येते आहे. गाळणीच्या झाकणाचे रबर, खेचणाऱ्या नळीची क्लिप आणि पंपाच्या झाकणाचे गॅस्केट तपासावे. बोट लाटांवर डोलताना तळाचे भोक क्षणभर पाण्याबाहेर येत असेल तरीही असे होते.

आणि काट्यावरही आंधळा विश्वास नको! इंजिन बंद असताना काटा शून्यावर येतो का ते पाहावे. गेजकडे जाणारी बारीक नळी मिठाने बुजली की काटा जागच्या जागी बसतो. तापमानाच्या काट्याचा धोका तर याहून मोठा. गोडे पाणी सगळेच गळून गेले तर तापमान मोजणारा पुर्जा कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. म्हणून "काटा खाली आला, इंजिन थंड झाले" असे समजण्यापूर्वी टाकीत पाणी आहे याची खात्री हवी. ती मात्र इंजिन निवल्यावरच करावी.

खेचण्याच्या बाजूचा तपास

या बाजूचे दोष सर्वांत जास्त आढळतात आणि सर्वांत स्वस्तात सुटतात. म्हणून सुरुवात येथूनच करावी. इंजिन बंद करून कॉक बंद करावा आणि गाळणी उघडून साफ करावी. मुंबईच्या खाडीत आणि बंदरात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही! मग गाळणीचे झाकण उघडेच ठेवून कॉक थोडा उघडावा. गाळणी पाण्याच्या पातळीखाली बसविलेली असेल तर समुद्राचे पाणी जोराने वर आले पाहिजे. ते रडतखडत आले तर बाहेरचे भोक किंवा कॉक बुजला आहे. पाहणे झाले की कॉक लगेच बंद करावा, नाहीतर बोटीत पाणी भरेल.

पाणी जोरात आले तर पुढे नळीकडे वळावे. खेचणारी नळी तारेचे वेटोळे असलेली, जाड भिंतीची हवी. साधी मऊ नळी बंद इंजिनावर चांगली गोल दिसते, पण पंप जोराने खेचू लागला की ती चपटी होते. जुन्या नळीचा आतला थर सुटून लोंबतो आणि झडपेसारखी वाट अडवितो. बाहेरून काहीच कळत नाही. त्यासाठी इंजिन चालू असताना नळी हाताने चाचपून पाहावी. मात्र फिरत्या पट्ट्यापासून हात, बाही आणि ओढणी दूर ठेवावी.

त्यानंतर पंप. त्याच्या झाकणाचे स्क्रू काढले की रबरी पात्यांचे चक्र दिसते. पाती वाकून तशीच राहिली आहेत काय, मुळाशी चिरा आहेत काय, टोके झिजली आहेत काय, ते पाहावे. झाकणाच्या आतल्या बाजूवर खोल चरे पडले असतील तर नवे चक्र टाकूनही दाब पूर्ण येत नाही. पाणी चऱ्यांतून मागे फिरते. हे रबर पाण्यानेच ओले आणि थंड राहते. कॉक बंद ठेवून इंजिन सुरू केले तर ते मिनिटभरातही जळू शकते.

पाते तुटलेले सापडले तर काम संपले असे समजू नये. पाती मोजावीत. सहापैकी चारच उरली असतील तर दोन तुकडे कोठे गेले? ते पाण्याबरोबर पुढे वाहत जाऊन बहुधा एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात. ते न काढता नवे चक्र बसविले तर पहिली खूण जाऊन दुसरी खूण हजर होते: आता दाब जास्त आणि तापमानही जास्त! "नवा पंप टाकला तरी फरक नाही" या तक्रारीमागे कित्येकदा हे दोन रबरी तुकडे असतात.

ढकलण्याच्या बाजूचा तपास

दाब जास्त आढळला तर गेजच्या पुढचे भाग एकेक करून पाहावेत. एक्सचेंजरची टोकाची झाकणे काढली की नळ्यांची तोंडे दिसतात. काही नळ्यांतून उजेड आरपार दिसेल, काहींतून दिसणार नाही. मऊ कचरा लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने काढावा. लोखंडी सळई घुसवून नळीला भोक पाडले तर खारे पाणी गोड्या पाण्यात मिसळेल आणि लहान दुखण्याचे मोठे दुखणे होईल. क्षाराचा टणक थर काढण्यासाठी सौम्य आम्ल वापरतात, पण ते इंजिन बनविणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच. हातमोजे आणि चष्मा लावून, मोकळ्या हवेत.

एक्सचेंजरला बहुधा जस्ताची एक कांडी लावलेली असते. खारे पाणी धातू खाते. ही कांडी स्वतः झिजून तांब्या-पितळेच्या नळ्यांना वाचविते. ती अर्धी झिजली की बदलावी. तिचे तुटलेले तुकडेही वाट अडवितात.

धुराच्या नळीत पाणी सोडलेले असेल तर जेथे पाणी आणि धूर एकत्र येतात तो लोखंडी कोपरही काढून पाहावा. क्षार आणि काजळी यांनी तो आतून अरुंद होत जातो. आणि अशा बोटीत पाणी तुटले की इंजिनाआधी धुराची रबरी नळीच जळू लागते. बंद खोलीत विषारी धूर आणि आग, दोन्ही धोके एकदम उभे राहतात.

गोड्या पाण्याचा दाब

प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते याचे कारण आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याहून जास्त अंशांना उकळते. इंजिनाच्या गोड्या पाण्याच्या टाकीचे स्प्रिंगचे झाकण हेच काम करते. हवेच्या दाबावर आणखी अर्धा किलो दाब ठेवला तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग थकली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळून बाहेर पडते आणि इंजिन तापते. शेकडो रुपयांचे झाकण आणि हजारो रुपयांचे हेड; आधी काय तपासावे हे वेगळे सांगायला नको.

याउलट, थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात नळ्या कडक फुगल्या आणि टाकीत सतत बुडबुडे येऊ लागले, तर ज्वलनाचा वायू हेड गॅस्केटमधून पाण्यात घुसत असण्याची दाट शक्यता आहे. हेड उघडण्याचे खरे कारण हे! केवळ तापमान वाढले म्हणून हेड उघडू नये.

आणि एक कळकळीची सूचना. कुकरची वाफ गेल्याशिवाय आपण झाकण काढीत नाही. तापलेल्या इंजिनाचेही काढू नये. आतले पाणी शंभर अंशांच्या वर असते. दाब सुटताच ते उसळून तोंडावर येते.

बाहेरचे लहान इंजिन

लहान होड्यांच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड इंजिनात पाण्याचा पंप पाण्याखालच्या पायात असतो. इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. तीच त्याची नाडी. धार मंदावली तर आधी तिच्या तोंडातली वाळू पातळ तारेने काढावी. धार पुन्हा जोरात आली तर दोष फक्त तोंडाचा होता. तरीही मंद राहिली आणि इंजिन तापत असेल तर पायाच्या जाळीत पिशवी किंवा शेवाळ आहे काय ते पाहावे, आणि मग पंपाची पाती. वाळूच्या उथळ पाण्यात चालणाऱ्या होडीची पाती लवकर झिजतात. धार पडते आहे म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नये. धार पंप चालल्याची खूण आहे, पाणी पुरेसे असल्याची नव्हे.

भर समुद्रात काय करावे?

दाब घटलेला दिसताच फेरे कमी करावेत आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे पाहावे. पाणी थोडे तरी येत असेल तर मंद गतीवर गाळणी बुजल्याची चिन्हे पाहता येतात. पाणी अजिबात येत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे; "बंदरापर्यंत रेटू" हा मोह धरू नये. पाणी उथळ असेल तर नांगर टाकावा, मगच पाना हातात घ्यावा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, लोखंड तडकते. काम जमण्यासारखे नसेल तर वेळीच वायरलेसच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर मदत मागावी. मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. मदत मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रत्येक बोटीवर पात्यांचे एक जादा चक्र, झाकणाचे गॅस्केट, एक पट्टा आणि चार क्लिपा असल्याच पाहिजेत. जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर लागते तेव्हा पंपातले चक्र काढून ठेवावे. आतच राहिले तर पाती दोन महिने वाकलेली राहतात आणि ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत दगा देतात.

शिकणाऱ्यांसाठी

दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ज्यांना बोटीच्याच इंजिनावर काम करायचे आहे त्यांच्यासाठी कोचीच्या केंद्रीय संस्थेत, सिफनेटमध्ये, मरीन फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. १९६३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या शाखा चेन्नई आणि विशाखापट्टणम येथेही आहेत. बंदरावर काम भरपूर आहे आणि तपास करून काम करणाऱ्या मिस्त्रीला मान आहे. मुलींनीही या कामाकडे पाठ फिरवू नये. गेज वाचायला, वही लिहायला आणि कारण शोधायला मनगटाच्या जोरापेक्षा डोके शांत लागते.

आमचे सांगणे थोडक्यात असे. तापलेले इंजिन पाहून कोणता पुर्जा बदलू असे विचारू नका. पाणी कोठपर्यंत येते आणि कोठून पुढे जात नाही, असे विचारा. दाबाचा काटा, बादली आणि चांगल्या दिवसाची वही या तिघांची साक्ष काढा. तिघांची साक्ष जेथे जुळेल तेथेच पाना लावा. मालकाचा पैसा वाचेल, खलाशाचा वाटा बुडणार नाही, आणि संध्याकाळी धक्क्यावर वाट पाहणाऱ्या घरच्यांना बोट ठरल्या वेळी परत आलेली दिसेल.